‘नाही’ म्हणू शकणाऱ्याला लिहिताना

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश, मग जाहिरात, बातमी, कथा यांतलं काही, आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. यातल्या पत्राचा साचा बहुतेक ठरलेला. चौकटीत एखाद्या रोपवाटिकेची जाहिरात छापलेली असते आणि विद्यार्थी प्रतिनिधी या नात्यानं व्यवस्थापकांकडे रोपांची मागणी करायची असते. खानदेशातल्या जामनेर तालुक्यातली पहूरची, शेंदुर्णीची, फत्तेपूरची मुलं हे पत्र झोपेतसुद्धा लिहितील. दिनांक, प्रति, विषय, महोदय, ‘वरील विषयास अनुसरून’, कळावे, आपला विश्वासू. मायन्याचे गुण मिळतात, मांडणीचे मिळतात. पण ती रोपवाटिका कुठं नसते, तो व्यवस्थापकही नसतो आणि ‘रोपं मिळणार नाहीत, निघा’ असं तो म्हणण्याची तर शक्यताच नसते.

मन वळवणारं लेखन शिकवण्यातली सगळी अडचण इथंच आहे. ज्याचं मन वळवायचं तो माणूसच समोर नाही. समोर आहे तो परीक्षक, आणि त्याचं मन वळवायचं नसतं, त्याच्याकडून गुण घ्यायचे असतात.

हाच मुलगा घरी मात्र पक्का वकील असतो. सायकल हवी असेल तर वडिलांकडे विषय कधी काढायचा हे त्याला बरोबर कळतं. कपाशीवर फवारणी चालू असताना नाही. कापूस विकून व्यापाऱ्याचे पैसे हातात आले की. त्याआधी आजीला आपल्या बाजूला वळवून ठेवायचं, कारण आजीचा शब्द घरात खाली पडत नाही. ‘सगळ्या मित्रांकडे आहे’ हे कारण आईपुढे थोडंफार चालतं, वडिलांपुढे अजिबात नाही. वडिलांपुढे ‘रोजचे रिक्षाचे पैसे वाचतील’ हे चालतं. ‘हायवेला गाड्या कशा चालतात बघतोस ना?’ असं कुणी म्हणालंच, तर ‘हायवेनं जाणारच नाही, शेताच्या रस्त्यानं जाईन’ ही तडजोड तयारच असते. ऐकणारा कोण, वेळ कोणती, त्याला पटेल असं कारण कोणतं, तो आडवा कुठं येईल, आल्यावर काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे सारं कुणी न शिकवता येतं. वही उघडली की त्यातलं काहीच कागदावर उतरत नाही.

असं का होतं, याचा शोध टोरांटोच्या कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया या दोन संशोधकांनी १९८०च्या दशकात घेतला. त्यांचं म्हणणं साधं आहे. बोलताना समोरचा माणूस आपल्याला पुढे ओढत असतो. तो ‘मग?’ म्हणतो, ‘कशावरून?’ म्हणतो, नुसत्या भुवया उंचावतो, आणि आपण आपोआप पुढचं सांगतो. कागद काहीच विचारत नाही. त्यामुळे मूल विषयाबद्दल जे जे आठवेल ते क्रमानं ओतत जातं आणि आठवण संपली की थांबतं. चार ओळी लिहून पेन खाली ठेवणाऱ्या मुलांना नुसतं ‘अजून लिही’ एवढं म्हटलं, तरी ती बरंच पुढे लिहीत गेली, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. पुढे त्यांनी मुलांच्या हाती वाक्यांच्या सुरुवाती लिहिलेली कार्डं दिली. ‘याचं एक कारण…’, ‘पण कुणी म्हणेल की…’, ‘याचं उदाहरण द्यायचं तर…’ अशा धाटणीची. समोर नसलेल्या माणसाची जागा काही काळ त्या कार्डांनी घेतली.

मराठीत या सगळ्याचा एक जुना आणि तेजस्वी धडा एका शाळकरी मुलीनंच घालून दिला आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी चालवलेल्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी. वय साधारण चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापून आला.

या निबंधाचं नाव घेतलं जातं ते बहुधा इतिहासाचा दस्तऐवज म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण तो लेखनाचा पाठ म्हणूनही वाचावा असा आहे. मुक्ता विरोधकाचं म्हणणं आधी मान्य करते. वेद आमचेच, इतरांना ते पाहण्याचाही अधिकार नाही, असं ब्राह्मण म्हणतात ना? ठीक आहे. मग आमच्याकडे धर्मपुस्तक नाही, हे उघड झालं. आणि ज्यांच्याकडे धर्मपुस्तकच नाही त्यांचा धर्म तरी कोणता? समोरच्याचंच विधान हाती घेऊन ते त्याला न आवडणाऱ्या टोकापर्यंत ती नेते. त्यानंतर ती पुरावे मांडते, आणि हे पुरावे ‘आमच्यावर फार अन्याय झाला’ असल्या मोघम वाक्यांचे नाहीत. इमारतींच्या पायात माणसं गाडली जात होती. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून या जातींतला कुणी गेला तर त्याचं काय होई, हे ती सांगते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगते. शेवटी ती वळते ती आपल्याच लोकांकडे, आणि त्यांना शिकायला सांगते. एकाच निबंधात दोन वाचक आहेत. एकाला जाब विचारायचा आहे, दुसऱ्याला हलवून उठवायचं आहे, आणि दोघांशी बोलण्याचा सूर वेगळा आहे. चौदा वर्षांच्या मुलीला हे जमलं. तिच्या शाळेत नुसतं वाचायला-लिहायला नव्हे, प्रश्न विचारायलाही शिकवत असणार, असं म्हणायला जागा आहे.

त्यानंतर पाचच वर्षांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, आणखी एका मुलीनं पत्र लिहिलं. तिची तुलना मुक्ताशी करू नये. एकीपुढे जगण्याचा प्रश्न होता, दुसरीपुढे दाढीचा. पण पत्र कसं लिहावं हे शिकण्यासाठी दोन्ही जवळजवळ ठेवून बघण्यासारखी आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या अकरा वर्षांच्या ग्रेस बेडेलनं १५ ऑक्टोबर १८६० रोजी अध्यक्षपदाचे उमेदवार अब्राहम लिंकन यांना पत्र लिहून दाढी ठेवायला सांगितलं. तिनं दिलेली कारणं बघावीत. तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढीनं तो भरलेला दिसेल. बायकांना दाढी-मिशा आवडतात, त्या आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागून त्यांना तुम्हाला मत द्यायला लावतील. (बायकांना स्वतःला मत नव्हतं, हे या अकरा वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक होतं.) मला चार भाऊ आहेत, त्यातले काही तुम्हालाच मत देतील, तुम्ही दाढी ठेवलीत तर उरलेल्यांनाही मी वळवायचा प्रयत्न करीन. ‘मला आवडेल म्हणून ठेवा’ असं यात कुठंच नाही. सगळी कारणं लिंकन यांच्या गरजेची आहेत, आणि त्या महिन्यात त्यांची गरज एकच होती, मतांची. लिंकन यांनी चार दिवसांत उत्तर पाठवलं, पण कसलंही वचन न देता. निवडून आल्यावर फेब्रुवारी १८६१ मध्ये वॉशिंग्टनला जाताना त्यांची गाडी वेस्टफील्डला थांबली. ते ग्रेसला भेटले तेव्हा त्यांना दाढी होती.

ॲरिस्टॉटलनं मन वळवण्याची तीन साधनं सांगितली आहेत. सांगणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. शाळेत शिकवलं जातं ते तिसरं, तेही अर्धवट. दुसऱ्याच्या नावाखाली विशेषणं येतात. पहिल्याचं तर नावच निघत नाही. त्याच्या उदाहरणासाठी खानदेशातल्या शिक्षकांनी लांब जायची गरज नाही, अमळनेरपर्यंत गेलं तरी पुरे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० मध्ये सत्याग्रहात उडी घेईपर्यंत तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. खोल्या स्वच्छ ठेवा, अंथरुणं आवरा, असं त्यांना सांगता आलं असतं. मुलं बाहेर असताना ते स्वतःच खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसत, विस्कटलेली अंथरुणं नीट घालून ठेवत. मुलं ओशाळली आणि आपली कामं आपण करू लागली.

पण लेखन शिकवण्याच्या दृष्टीनं त्यांचा मोलाचा उद्योग वेगळाच होता. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. देशात-जगात काय चाललंय, थोरांच्या चरित्रांतले प्रसंग, कविता, आणि वसतिगृहातल्याच घडामोडींवर कानउघाडणी, असा मजकूर हातानं लिहून मुलांपुढे ठेवत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढलं. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली ती १९३३ मध्ये. म्हणजे तिच्या आधी कित्येक वर्षं, रोज ठरावीक मुलांसाठी, ज्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आहेत आणि जी दुपारी जेवायला शेजारी बसणार आहेत अशांसाठी, लिहिण्याचा सराव या माणसानं केला होता. कोणती गोष्ट मुलांना भिडली आणि कोणती डोक्यावरून गेली, हे त्यांना त्याच दिवशी कळत असणार. पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली त्यांनी केलेलं उपोषण सगळ्यांना आठवतं. त्याआधी ते महिनोन्‌महिने गावोगाव फिरून लोकांशी बोलत होते, हे तितकंसं आठवत नाही.

आज शाळांत हस्तलिखितं निघतात. मुखपृष्ठावर शाळेतल्या सर्वात सुरेख अक्षराच्या बाई शीर्षक लिहून देतात, आत मुलांनी गाईडमधून उतरवलेले लेख असतात, पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं आणि अंक मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. वाचक नसलेलं वर्तमानपत्र म्हणजे पुन्हा तीच रोपवाटिका.

‘विज्ञान: शाप की वरदान’ या विषयानंही बरंच नुकसान केलं आहे. विज्ञानाच्या जागी मोबाइल घाला, दूरदर्शन घाला, इंटरनेट घाला, निबंध तोच. एका परिच्छेदात फायदे, एकात तोटे, आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ असं म्हणून दोघांनाही घरी पाठवायचं. यात कुणी कुणाचं मन वळवत नाही, कारण लिहिणाऱ्यालाच काही म्हणायचं नसतं. वक्तृत्व स्पर्धांचं दुखणं याच्या उलट. तिथं म्हणायचं खूप असतं, पण ते दुसऱ्यानं लिहून दिलेलं असतं. सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, इथून सुरू झालेली गाडी आवाज चढवत, मूठ आवळत टाळ्यांच्या वाक्यापाशीच थांबते. पाठांतर वाया जात नाही, धिटाईही येते. मात्र भाषण संपल्यावर कुणी ‘पण असं का म्हणतोस?’ असं विचारलं, तर वक्ता आईकडे बघतो.

दोन बाजू मांडणं आणि दुसऱ्या बाजूला उत्तर देणं, यात फरक आहे. आपल्याकडच्या शास्त्रकारांना तो चांगला माहीत होता. कुठलाही सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या नीटपणे सांगायचं, आणि मग उत्तरपक्ष. न्यायसूत्रांत अनुमानाची पाच अंगं दिली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथं धूर तिथं आग, चुलीत बघतोच. इथंही तसाच धूर आहे. म्हणून इथं आग आहे. आठवीच्या मुलाला एवढी पाच वाक्यं फळ्यावर दाखवली तरी ‘हेतू’ आणि ‘उदाहरण’ या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्या लक्षात येतं. बहुतेक वह्यांत नुसता दावा असतो, किंवा दावा आणि एक कारण. ते कारण याच प्रसंगाला कसं लागू पडतं, हे सांगणारा उपनय हमखास गळालेला असतो.

पूर्वपक्ष मात्र सांगून येत नाही, भांडून येतो. अमेरिकेतल्या डिॲना कून या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या युक्तिवादाचा दीर्घकाळ अभ्यास केला. किशोरवयीन मुलं आपल्या बाजूची कारणं भराभर देतात, पण समोरच्याच्या कारणांना हातच लावत नाहीत, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. मग त्यांनी आणि अमांडा क्राउल यांनी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत तीन वर्षं एक प्रयोग केला. एका गटातली मुलं जोडीजोडीनं विरुद्ध मताच्या जोडीशी वाद घालत, तोही तोंडी नाही, संगणकावर टाइप करून. दुसऱ्या गटात शिक्षकांच्या देखरेखीखाली सगळ्या वर्गाची चर्चा होई आणि निबंध जास्त लिहून घेतले जात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की निबंध कमी लिहिणाऱ्या वादवाल्या मुलांच्या निबंधांतच दुसऱ्या बाजूचा विचार जास्त आला. टाइप करून वाद घालण्याचा एक फायदा असा, की आधी काय म्हटलं ते पडद्यावर तसंच राहतं. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ ही पळवाट बंद होते.

यासाठी संगणकाची खोली असायलाच हवी असं नाही. पाठकोरे कागद चालतात. आणि जामनेरच्या मुलांना विषय शोधायला नको. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंद मापाची रेल्वे, लोकांच्या तोंडची ‘पीजे’, मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मार्ग रुंद करून पुढे बोदवडपर्यंत नेण्याची योजना आली. आता वर्गाचे दोन भाग करावेत. एक म्हणेल, नवा मार्ग तयार होईपर्यंत जुनी गाडी चालवायलाच हवी होती. दुसरा म्हणेल, शंभर वर्षांच्या संथ गाडीवर खर्च करत बसण्यापेक्षा तो पैसा नव्या कामाला लावलेला बरा. कोण कुठल्या बाजूला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. एक जोडी एक मुद्दा लिहून कागद पलीकडे देईल, पलीकडची जोडी त्याच मुद्द्याला उत्तर लिहून कागद परत करील. नवा मुद्दा काढून निसटायचं नाही, एवढा एकच नियम. पाचव्या फेरीला मुलं म्हणू लागतात, ‘सर, आम्हाला तिकीट किती होतं ते माहीत पाहिजे.’ कुणी आजोबांना विचारून येतं, कुणी पाचोऱ्याला दूध घेऊन जाणाऱ्या काकांना. माहिती गोळा करण्याची गरज मुलांनाच वाटली, की निम्मं काम झालं.

खरं पत्र लिहिण्याची वेळ यानंतरची. समजा, तालुक्यातल्या एका गावाची मुलं जामनेरच्या शाळेत एसटीनं येतात आणि गाडी रोज उशिरा पोहोचते. सवयीनं लिहिलं गेलेलं पत्र असं असेल:

‘आमच्या गावातील विद्यार्थ्यांची खूप गैरसोय होत आहे. बस वेळेवर येत नसल्याने सर्वांचे अतोनात शैक्षणिक नुकसान होत आहे. तरी आपण या गंभीर समस्येकडे लक्ष देऊन बस वेळेवर सोडण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.’

यात चूक एकही नाही, पण आगारप्रमुखांनी करायचं काय, हेही कळत नाही. शिक्षकांनी इथं लाल पेन काढू नये, प्रश्न विचारावेत. हे पत्र वाचणाऱ्याच्या टेबलावर अशी किती पत्रं असतील? गाडी उशिरा सुटते की वाटेत उशीर होतो? तुम्ही किती जण? गाडी आधी सोडली तर पुढच्या गावच्या लोकांचं काय? ते ‘जमणार नाही’ म्हणाले, तर तुम्ही दुसरं काय मागाल? मुलांनी दोन आठवडे थांब्यावर वही घेऊन उभं राहावं आणि मग पुन्हा लिहावं. ते पत्र साधारण असं होईल:

‘आमच्या थांब्यावरून रोज ३४ मुलंमुली जामनेरला शाळेत येतात. त्यांत २१ मुली आहेत. २ ते १४ जुलै या काळात शाळेच्या १२ दिवसांची गाडीची वेळ आम्ही लिहून ठेवली. यादी सोबत जोडली आहे. ९ दिवस गाडी ११ नंतर पोहोचली आणि पहिला तास बुडाला. तो तास गणिताचा असतो. मुलींचं शिक्षण थांबू नये म्हणून शासनानं त्यांना एसटीचा पास मोफत दिला आहे, पण गाडी शाळा भरल्यावर पोहोचली तर तो पास असून उपयोग होत नाही. वेळ बदलली तर पुढच्या गावांच्या प्रवाशांची अडचण होऊ शकते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून गाडी फक्त २० मिनिटं आधी सोडता येईल का, एवढंच विचारत आहोत. ते शक्य नसेल, तर साडेनऊची गाडी आमच्या फाट्यावरून जाते पण थांबत नाही. तिला तिथं थांबा द्यावा.’

आकडे उदाहरणादाखल आहेत, पण फरक आकड्यांपुरता नाही. ‘अतोनात’ गेलं आणि ‘गणिताचा तास’ आला. वाचणाऱ्याची अडचण त्यानं सांगण्याआधीच मुलांनी कबूल केली. मागणी दोन पायऱ्यांची झाली, म्हणजे नकार द्यायचा तर दोनदा द्यावा लागेल. आणि मोफत पासाचा मुद्दा बघावा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून हा पास मिळतो. व्यवस्थेनं स्वतः दिलेला शब्दच मुलं तिच्यापुढे ठेवतात. मुक्ता साळवेनं हेच केलं होतं.

कुठल्या इयत्तेत किती अपेक्षा ठेवायची? तिसरी-चौथीत मुलानं आपलं म्हणणं आणि त्याचं एक खरं कारण लिहिलं तरी भरपूर झालं. पाचवी ते सातवीत ओळखीच्या वाचकासाठी दोन-तीन कारणं, प्रत्येकाला एक उदाहरण. आठवीपासून पूर्वपक्ष. स्टीव्ह ग्रॅहॅम आणि कॅरन हॅरिस या अमेरिकी अभ्यासकांनी मुलांच्या लेखनावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्या पद्धतीत एक गोष्ट कळीची आहे. शिक्षक मुलांसमोर स्वतः लिहितात, आणि लिहिताना मोठ्यानं विचार करतात: ‘हे कारण आगारप्रमुखांना पटेल का? नाही, हे आपल्या सोयीचं आहे. खोडू या.’ आपल्या वर्गात मुलांना दिसतो तो तयार निबंध. गुरुजींनी खोडलेली ओळ त्यांनी कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे खोडणं म्हणजे चूक, अशी त्यांची समजूत होते.

पहिला खर्डा मुलांच्या घरच्या बोलीत होऊ द्यावा. जामनेर परिसरात घराघरांत तावडी आहे, अहिराणी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे. ‘मले’ लिहिलं की त्याभोवती लाल गोल पडणार, हे माहीत असलेलं मूल फक्त खात्रीची वाक्यं लिहितं, आणि खात्रीची वाक्यं म्हणजे गाईडातली. आधी युक्तिवाद उभा राहू द्यावा, प्रमाणभाषेचे कपडे दुसऱ्या खर्ड्यात चढवावेत. जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीच्या शाळेत शिकलेले, पळसखेड्याचे ना. धों. महानोर १९७८ मध्ये विधान परिषदेवर गेले आणि तिथं शेती-पाण्यावर बोलले. शेतातली भाषा त्यांनी दाराबाहेर ठेवली नव्हती.

आणखी एक पथ्य. मन वळवायला शिकवणं म्हणजे थापा मारायला शिकवणं नव्हे. कृतिपत्रिकेतल्या जाहिरातलेखनात ‘एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल’ला गुण मिळतात आणि तिथं ते चालतं; पत्रात चालत नाही. ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘कुणीच नाही’ हे शब्द दिसले की मुलांनी एकमेकांना ‘मोजलंस का?’ असं विचारावं. घरातल्यांच्या व्हॉट्सॲपवर येणारे फॉरवर्ड याच प्रश्नानं तपासायची सवय लागली तर आणखी उत्तम, फक्त मोठ्यांनी त्याला उद्धटपणा म्हणू नये.

जूनमध्ये शाळा उघडतील. सहावीच्या पुढच्या प्रत्येक वर्गानं वर्षात निदान एक पत्र असं लिहावं, की ज्याला नकार येऊ शकतो, आणि ते खरोखर नेऊन द्यावं: आगारात, नगरपरिषदेत, ग्रामपंचायतीत, नाहीतर मुख्याध्यापकांकडे. उत्तर आलं नाही तर महिन्यानं स्मरणपत्र लिहावं. तो प्रकार कृतिपत्रिकेत विचारत नाहीत, पण आयुष्यात वारंवार लागतो. आणि शिक्षकहो, मुलांबरोबर गेलात की पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या.